पट्टी सोडायची नाही

रतनबाईच्या पायावरची जखम मोहिनीला पाठ होती. डाव्या घोट्याच्या आतल्या अंगाला, विड्याच्या पानाएवढी, वर जरा रुंद आणि टाचेकडं निमुळती. कुंपणाला लावलेल्या बोराटीचा ओरखडा उठल्याचं निमित्त झालं होतं. एरवी असला ओरखडा माणूस चार दिवसांत विसरून जातो. पण जन्मभर भाताच्या चिखलात उभं राहून रतनबाईच्या पिंढरीच्या शिरा गाठी मारलेल्या दोरीसारख्या फुगल्या होत्या, दिवस मावळेपर्यंत पाय सुजून यायचा. ओरखडा चिघळला, त्याची जखम झाली, आणि वर्ष उलटून गेलं तरी ती मिटायचं नाव घेईना.

मोहिनी नसरापूरच्या एका छोट्या दवाखान्यात नर्स होती. सासर शिवऱ्याचं. नवरा, गोरख, हायवेला चहा-मिसळीचं हॉटेल चालवायचा. एक दिवसाआड ड्यूटी सुटली की मोहिनी स्कूटी काढून तडक मार्गासनीला आईकडं यायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि रतनबाईला दुसरं मूल नव्हतं. मोहिनी पाणी उकळून निववायची, जखम धुवायची, मलम लावायची, बांधायची. शेजारच्या बाया ओट्यावर बसून बघत राहायच्या. "पोरगी नर्स हाय म्हणून म्हातारीचा पाय राहिला," असं एखादी म्हणायची. त्या एका वाक्यावर मोहिनीचा आठवडा जायचा. घरी सासू दोन शब्द जास्त बोलली तरी मग काही वाटायचं नाही.

संक्रांत होऊन गेल्यावरच्या एका रविवारी ती आली तेव्हा आईच्या दारात पांढरी गाडी उभी होती. राजगडाला जाणारे कुणी पाणी मागायला थांबले असतील, असं तिला वाटलं. आत येऊन बघते तर जमिनीवर धनश्री बसली होती आणि रतनबाईचा उघडा पाय तिनं स्वतःच्या मांडीवर घेतला होता.

"मोहने, बघ कोन आलीया!" रतनबाईचा चेहरा नुसता फुलून आला होता.

धनश्री शेजारच्याच घरातली. तिची आई सदान्कदा शेतात, बाप टेम्पोवर, त्यामुळं ही लहानपणी रतनबाईच्याच चुलीपुढं जेवायची. दोघी एका ताटात जेवल्या, एका बाकावर बसल्या. मोहिनी वर्गात पहिल्या पाचांत असायची. पण त्या पाचांत पहिली धनश्रीच. मोहिनीनं घरी येऊन मार्क सांगितले की रतनबाई हमखास विचारायची, "आन् धनूला किती?" ते तीन शब्द मोहिनीनं अजून मनातून काढले नव्हते. बारावीनंतर मोहिनी नर्सिंगला गेली, धनश्री पुण्याला आणि तिथून पुढं शिकत शिकत डॉक्टरेटपर्यंत पोचली. आता ती पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत जुन्या, न भरणाऱ्या जखमांवर काम करत होती.

"किती छान ठेवलीयस गं जखम," धनश्री म्हणाली. "इतकी स्वच्छ मी मोठ्या दवाखान्यातसुद्धा बघत नाही."

परीक्षकानं पाठीवर थाप मारावी तसं मोहिनीला झालं. "दवाखान्यात रोज तेच करते मी," ती म्हणाली.

"मग भरत का न्हाई गं ही?" रतनबाईनं विचारलं.

"तेच शोधायचंय, काकी. तू हो म्हणालीस तर."

धनश्रीनं काय करणार ते नीट समजावून सांगितलं, काकीचा होकार घेतला, मग एक पांढरी कागदी पट्टी जखमेवर धरली. पट्टी ओली झाली तशी ती चिमट्यानं उचलून एका इवल्याशा बाटलीत टाकली आणि बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली. मग तिनं मलमाची ट्यूब हातात घेऊन बघितली.

"हे पपईच्या चिकाचं. हे कधीपासून लावतेस?"

"आमच्या डॉक्टरांनी दिलं होतं. वर काळं मांस साचलं होतं तेव्हा."

"ते तर कधीच निघून गेलं असेल ना?"

"लावलं की जखम लाल, स्वच्छ दिसते. म्हणून सोडलं नाही."

धनश्रीनं ट्यूब खाली ठेवली, पण ज्या तऱ्हेनं ठेवली ते मोहिनीच्या नजरेतून सुटलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात धनश्री गाडी घेऊन आली आणि रतनबाईला पुण्याच्या डॉक्टरांकडं दाखवून आणली. मोहिनीनं वर्षभर किती वेळा म्हटलं होतं, पुण्याला जाऊ. दर वेळी आईचं एकच, "मला गाडी लागती." धनूच्या गाडीत मात्र लागली नाही. शिवाय येताना उसाचा रस पिऊन आली, हेही मोहिनीला शेजारणीकडून कळलं.

तपासणीत जे निघालं ते धनश्रीनं ओट्यावर बसून सांगितलं. "जखम झाली की शरीर आधी साफसफाई करतं. त्यासाठी अंगातली काही एन्झाइम्स सुटतात. त्यांचं काम प्रथिनं कापायचं, म्हणजे मेलेलं मांस कापून मोकळं करायचं. पुढं कडेची नवी कातडी आत सरकायला लागते, तेव्हा तिला वाट करून द्यायलाही तीच लागतात. पण काम झालं की त्यांनी थांबायला हवं. काकीच्या जखमेत ती थांबलेलीच नाहीत. नवीन काही तयार झालं की तेच कापून टाकतात."

"म्हंजी कसं?" रतनबाईला नीट उमगलं नव्हतं.

"समज, भातातलं तण काढायला बाया लावल्या. तण संपलं, तरी बाया उठेनात. रोपंच उपटायला लागल्या."

रतनबाई पोट धरून हसली. "आगं बया! मग हाकला की त्यांना."

"त्यात पपईच्या मलमातलं एन्झाइम पण प्रथिनंच कापतं. सुरुवातीला ते चांगलंच. पण नंतर..." धनश्री मोहिनीकडं न बघताच बोलली. "आधीच जास्त झालेल्या बायांत आणखी चार घातल्यासारखं."

मोहिनीची कानशिलं तापली. धनश्री खोटं बोलत नव्हती, हे तिला नर्स म्हणून कळत होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. वर्षभर वाकून वाकून केलेली सेवा, ती आता ओट्यावर सगळ्यांसमोर अशी उलटी होऊन पडली होती.

डॉक्टरांनी मलम बंद करायला सांगितलं होतं. पाय बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टीनं बांधायचा, म्हणजे सूज उतरेल. आणि जखमेवर कोलॅजनचा पातळ पापुद्रा ठेवायचा. कोलॅजन म्हणजे कातडीतलंच प्रथिन. त्या कापणाऱ्या एन्झाइम्सना तो पापुद्रा कापत बसू द्यायचा, तोवर खालची नवी कातडी वाचते.

धनश्रीनं मोहिनीला बाजूला घेतलं. "एक अडचण आहे. हे कोलॅजन माशाच्या कातडीपासून काढलेलं आहे. काकीच्या गळ्यात माळ. तिला विचारल्याशिवाय मी लावणार नाही."

"मी विचारते," मोहिनी चटकन म्हणाली.

मोहिनीला आईची माळ चांगलीच माहीत होती. मागं एकदा अशक्तपणासाठी तिनं माशाच्या तेलाच्या गोळ्या आणल्या होत्या. कशाच्या आहेत ते कळल्यावर रतनबाईनं डबीच उकिरड्यावर भिरकावली होती आणि दोन दिवस लेकीशी नीट बोलली नव्हती. मोहिनी आत गेली. विचारायच्या अनेक रीती होत्या. तिनं त्यांतली सगळ्यांत वाईट निवडली.

"आई, तुझ्या पायाला मासळी बांधणारेत."

रतनबाई थबकली. गळ्यातल्या माळेवर तिचा हात गेला. मोहिनी वाट बघत राहिली.

"धनूनं आणलीया?"

"हं."

"मंग बांधा की," रतनबाई म्हणाली. "माळ गळ्यात हाय. पायात न्हाई."

बाहेर धनश्री खळखळून हसली. मोहिनी मात्र पाण्याचा तांब्या घ्यायच्या निमित्तानं मागच्या पडवीत जाऊन उभी राहिली.

धनश्रीनं पापुद्रा ठेवला, पट्टी बांधली, आणि जाताना बजावलं, "पुढच्या रविवारी मी येईपर्यंत पट्टी सोडायची नाही. कुणीच नाही."

मंगळवारी मोहिनी नेहमीसारखी आली. करायला काहीच नव्हतं. पाणी उकळायचं नव्हतं, धुवायचं नव्हतं. ओट्यावरच्या बायाही आल्या नाहीत. रतनबाई धनूच्या गाडीतल्या गार हवेचं कौतुक सांगत होती, धनूच्या प्रयोगशाळेत कसली कसली यंत्रं आहेत ते सांगत होती. मोहिनी आपल्या रिकाम्या हातांकडं बघत बसली होती.

"जरा बघते," ती एकदम म्हणाली. "आत पू झाला असेल तर कळायला पाहिजे."

रतनबाईनं पाय पुढं केला.

पापुद्रा विरघळून चिकटसर झाला होता. जखमेच्या वरच्या कडेला, जिथं वर्षभर काही हललं नव्हतं, तिथं एक बारीक, मोतिया रंगाची किनार आली होती. नवी कातडी. मोहिनीनं अशी किनार शेकडो जखमांवर बघितली होती, आणि दर वेळी तिला बरं वाटलं होतं. आज तिच्या मनात आलं ते एवढंच: नको भरू.

ती दचकली. आपल्या आईच्या पायाबद्दल आपण हे म्हटलं! तिनं घाईघाईनं पट्टी परत बांधली आणि काही न बोलता शिवऱ्याला निघून गेली. रस्ताभर ती स्वतःला समजावत होती की असं काही आपण म्हटलेलंच नाही.

पण दुसऱ्या दिवशी, यायचा दिवस नसताना ती आली. पुन्हा पट्टी सोडली. आता तिनं जखम मिठाच्या पाण्यानं धुतली, कापसाची घडी घेऊन कडा नीट पुसून काढल्या. स्वच्छता तर हवीच, ती स्वतःशी म्हणाली. घडीबरोबर तो पातळ पापुद्राही निघाला आणि किनारीवर रक्ताचे बारीक ठिपके फुटले. तिनं ते बघितले. तिच्यासारख्या हाताला ते कशानं आले ते न कळायचं काही कारणच नव्हतं. तरी गुरुवारी ती आली, शुक्रवारी आली, आणि शनिवारीही. रतनबाई दर वेळी पाय पुढं करायची आणि भिंतीकडं बघत बसायची. दुखत असलं तरी हूं की चूं करायची नाही.

रविवारी धनश्रीनं पट्टी सोडली आणि तिचं तोंड उतरलं. जखम होती त्याहून वाढली होती. कडा लालभडक, सोलवटल्यासारख्या.

"असं कसं झालं?" ती पुटपुटली. "काकी, माझंच काहीतरी चुकलं बघ. कदाचित तुला हे मानवत नाही. डॉक्टरांशी बोलते. बंद करू हे."

मोहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तोंडात गूळ विरघळावा तसं तिला आतून गोड लागत होतं. हुशार, डॉक्टरेटवाली, गार हवेच्या गाडीतून येणारी धनश्री स्वतःची चूक कबूल करत होती. मोहिनीला हसू येईल की काय अशी भीती वाटली.

तेवढ्यात धनश्रीनं सोडलेली पट्टी उचलली. तिच्या कडा चुरगळलेल्या होत्या, चिकटपट्टी दुसऱ्याच ठिकाणी होती. ती हळूहळू वर बघायला लागली.

"काकी, ही पट्टी मधे कुणी सोडली होती का?"

रतनबाईनं मोहिनीकडं बघितलंच नाही.

"म्या सोडली," रतनबाई म्हणाली. "लई खाजत व्हतं. ऱ्हावलं न्हाई."

"तू? अगं काकी, तुला किती वेळा सांगितलं होतं!" धनश्रीचा आवाज चढला. "लहान आहेस का तू? आठवड्याची सगळी मेहनत वाया गेली. पाय घालवायचाय का?"

रतनबाई मान खाली घालून ऐकत राहिली. माळेचे मणी चाचपत राहिली. सत्तरीला टेकलेली बाई, शाळकरी पोरीसारखी बोलणी खात होती.

मोहिनीच्या तोंडातली गोडी क्षणात गेली. लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी आला तो राग. माझ्या आईला ओरडणारी ही कोण?

धनश्रीनं नवा पापुद्रा ठेवून पट्टी बांधली आणि न जेवताच निघून गेली. गाडीचा आवाज गुंजवणीच्या पुलापलीकडं गेल्यावर मोहिनी आईजवळ बसली.

"खोटं कशाला बोललीस?"

"मंग काय सांगू? माज्या पोरीनं सोडली म्हून?" रतनबाई पाय चोळत म्हणाली. "मला बोलली ते म्या गिळलं. तुला बोलली असती तर मला सोसलं नसतं."

"तुला कळत होतं ना, मी कशाला सोडते ते?"

"कळंल न्हाई तर काय. माजाच पाय हाय."

"मग अडवलं का नाहीस मला?"

रतनबाईनं लुगड्याचा काठ पायावर ओढला. "तू रोज याया लागली व्हतीस," ती म्हणाली. "एरवी आडदिवसाची येतीस. आन् आता पट्टी आठ आठ दिस बांधून ठिवायची म्हनल्यावर तू कशापायी येशील?"

मोहिनीचं इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. "लहानपणापासून तुला तीच. मी मार्क सांगितले की तुझं आपलं, धनूला किती, धनूला किती!"

"आगं, मला काय कळतंय मार्कातलं?" रतनबाई चकित झाली होती. "तू म्हनायचीस साठ. साठ म्हंजी लई का थोडं? धनूचं कळलं म्हंजी तुजं कळायचं. आन् त्या पोरीला घरी कोन इचारत व्हतं? म्हून तिचं बी इचारायची." मग तिनं जरा थांबून पुढं जोडलं, "धनू हुशार हाय, ते हायच. ते काय खोटं न्हाई."

हे खरं होतं की आईला आत्ता सुचलं होतं, ते मोहिनीला ठरवता येईना. शेवटचं वाक्य आईनं बोलायला नको होतं, एवढं मात्र तिला नक्की वाटलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या मागच्या जिन्यात उभं राहून तिनं धनश्रीला फोन लावला.

"पट्टी आईनं नाही, मी सोडली होती. तू आईला बोलू नकोस."

"का?" धनश्रीनं विचारलं.

"भरतेय का ते बघायला."

"आणि भरत होती?"

"हो. किनार आली होती."

"नर्स आहेस तू, मोहिनी." धनश्रीचा आवाज कोरडा झाला. "काय होणार ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं." आणि फोन कट झाला.

धनश्री त्या रविवारी आली, पुढच्याही आली. मोहिनीशी कामापुरतं बोलायची. तो पहिला आठवडा तिनं आपल्या अभ्यासातून काढून टाकला. त्याचं कारण प्रयोगशाळेत काय सांगितलं, ते मोहिनीनं विचारलं नाही. मोहिनी मधल्या दिवशी यायची आणि पट्टीला हात लावायची नाही. सुरुवातीला फार जड गेलं. मग ती आईबरोबर पावटे सोलायला लागली, अंगणातल्या वालाच्या वेलाला मांडव घालून दिला, एकदा तर नुसतीच आईशेजारी घोंगडीवर आडवी झाली आणि झोपून गेली. जखम नसती तर आपण इतक्या वेळा आलो असतो का, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला आणि उत्तर द्यायचं टाळलं.

सूज उतरली. किनार परत आली, या वेळी चारी बाजूंनी. होळीपर्यंत जखम नखाएवढी उरली आणि पाडव्याच्या सुमाराला मिटली. तिथं आता पातळ, गुलाबी, चकचकीत कातडी होती. धनश्रीनं तिच्यावर हळूच बोट टेकवलं आणि बऱ्याच दिवसांनी थेट मोहिनीकडं बघून बोलली.

"वरून मिटलीय, पण कातडी अजून कच्ची आहे. घाईत विणल्यासारखी. आत ती एन्झाइम्स आता थोडं थोडं कापतील, शरीर परत जोडेल, आणि ती नीट बसत जाईल. बरेच महिने. दाबाचा मोजा रोज घालायला लाव तिला. माझं ती ऐकणार नाही."

"तुझंच ऐकते ती," मोहिनी म्हणाली.

"मोज्याचं नाही ऐकत. मघाशीच म्हणाली, मोहिनीनं घातला तरच घालीन."

मोहिनीनं आईकडं बघितलं. रतनबाई मोजा बोटात धरून, उंदराचं पिल्लू धरावं तसा लांब धरून बघत होती. "ह्यो असला घट्ट?" ती कुरकुरली. "ह्यात पाय जायाचा न्हाई, जीव जाईल."

मोहिनीनं मोजा हिसकावून घेतला, आईचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि टाचेपासून हळूहळू वर चढवायला लागली. रतनबाई ओरडत होती, शिव्या घालत होती, मोहिनी ऐकत नव्हती. धनश्री थोडा वेळ बघत उभी राहिली, मग बॅग उचलून निघाली.

मोजा चढला. रतनबाई काठी टेकत धनश्रीला गाडीपर्यंत सोडायला गेली. खिडकीपाशी वाकून ती तिच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. आतून बघणाऱ्या मोहिनीला नेहमीसारखंच ते टोचलं. काय बोलल्या असतील? तिनं मनाला सांगितलं, काही असेल. मनानं ऐकलं नाही. तिनं गॅसवर चहाचं आधण ठेवलं, दोन माणसांचं.

"मोहने!" अंगणातून आईची हाक आली. "धनू थांबतीया. तिला बी च्या टाक!"

मोहिनीनं तोंड वाकडं केलं आणि आधणात आणखी एक कप पाणी ओतलं.